गुलमर्गच्या बॅककंट्रीसाठी एका दिवसाची सॅक कशी भरावी

सह्याद्रीत दहा-पंधरा वर्षे ट्रेक केलेल्या माणसाला सॅक भरायला शिकवावे लागत नाही. जड सामान पाठीलगत, पाण्याची बाटली हाताशी, कपडे प्लास्टिकच्या पिशवीत आणि डबा सगळ्यांत वर, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. स्कीइंगचा अभ्यासक्रम पुरा करून, दोन-तीन हिवाळे गुलमर्गच्या आखलेल्या उतारांवर घालवून तो जेव्हा पहिल्यांदा बॅककंट्रीत, म्हणजे गस्तीच्या हद्दीबाहेरच्या मोकळ्या डोंगरात, उतरायचे ठरवतो, तेव्हा याच सवयीने सॅक भरतो आणि तिथेच चुकतो. ट्रेकच्या सॅकमधला क्रम सोयीने ठरतो, बॅककंट्रीच्या सॅकमधला वेळेने. कोणती वस्तू काही सेकंदांत हातात आली पाहिजे, कोणती दोन मिनिटांत आली तरी चालेल आणि कोणती बहुधा दिवसभर बाहेर निघणारच नाही, असे तीन भाग मनाशी पक्के केले की बाकीची मांडणी आपोआप सुचते.

गुलमर्गबाबत हे मुद्दाम सांगण्याचे कारण तिथला गोंडोला, म्हणजे दोन टप्प्यांची केबल कार, आहे. गाव साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. १९९८ मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा कोंगडोरीला सोडतो आणि २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. इतर डोंगरांत तीन-चार तास चढून जिथे पोहोचावे लागते, तिथे इथे न्याहारीचा चहा पोटात गरम असतानाच पोहोचता येते. चढाईत दमछाक होऊन माणसाला जो विचार करायला वेळ मिळतो, तो इथे मिळत नाही. गस्तीचे पथक मुख्य उतारावर लक्ष ठेवते. डावी-उजवीकडच्या घळी, खिलनमर्गकडचे उतार, बाबारेशी आणि टंगमर्गकडे उतरणारी जंगले या सर्व ठिकाणी आपण आणि आपले सोबती एवढेच असतात. म्हणून सॅक वर जाऊन लावू म्हणून चालत नाही, ती आदल्या रात्री खोलीतच भरून ठेवावी.

आधी तीन वस्तूंविषयी. बीकन, प्रोब आणि फावडे ही हिमस्खलनातल्या शोधाची साधने प्रत्येकाकडे स्वतःची असलीच पाहिजेत. त्यांपैकी एकही कमी असेल तर त्या दिवशी आखलेल्या उताराच्या बाहेर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्गजवळ लष्कराच्या प्रशिक्षण तुकडीवर हिमस्खलन कोसळले आणि १७ जवान गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये हापतखुडच्या घळीत दोन पोलिश स्कीअर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्ग भागात एक रशियन स्कीअर मृत्युमुखी पडले. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता फार चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरते आणि अर्ध्या तासानंतर बहुतेकांच्या बाबतीत उशीर झालेला असतो. गावातून मदत निघून वर पोहोचेपर्यंत ही मुदत संपते. त्यामुळे शोध घेणारे पथक म्हणजे त्या क्षणी शेजारी उभे असलेले सोबतीच. यातून एक गोष्ट निघते जी नवख्यांच्या लवकर लक्षात येत नाही: तुमच्या सॅकमधले फावडे तुमच्या उपयोगाचे नसते. ते तुमच्या सोबत्यासाठी असते आणि तुमच्यासाठीचे फावडे त्याच्या पाठीवर असते. तेव्हा आपली सॅक नीट भरणे जितके आवश्यक, तितकेच सोबत्याची सॅक उघडून पाहणेही आवश्यक आहे. त्यात संकोच बाळगू नये.

यांपैकी बीकन, म्हणजे सतत रेडिओ संदेश सोडणारे आणि गरज पडल्यास दुसऱ्याचा संदेश शोधणारे छोटे यंत्र, सॅकमध्ये ठेवायचाच नाही. तो अंगावर, आतल्या कपड्यांच्या थरावर पट्ट्यांनी बांधायचा आणि त्यावर जाकीट घालायचे, कारण हिमस्खलनात सॅक अंगावेगळी होऊ शकते. सर्व बीकन ४५७ किलोहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर चालतात, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी अडत नाही. घ्यायचा तर तीन अँटेनांचा डिजिटल घ्यावा. त्यात अल्कलाइन सेल घालावेत, रिचार्जेबल सेल कंपनीने स्पष्ट मान्यता दिल्याशिवाय घालू नयेत, कारण ते शेवटपर्यंत भरलेले दाखवून अचानक मान टाकतात. मी स्वतः साठ टक्क्यांच्या खाली आकडा गेला की सेल बदलतो आणि काढलेले सेल खोलीतल्या टॉर्चला वापरतो. मोबाइल, कॅमेरा आणि गरम होणारे हातमोजे यांचा बीकनला अडथळा होतो, म्हणून चालताना ही उपकरणे त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर आणि शोध घेताना किमान ५० सेंटिमीटर दूर असावीत. याचा सॅकशी थेट संबंध आहे: बीकन छातीवर असेल तर मोबाइल पँटच्या खिशात जातो आणि पॉवरबँक सॅकच्या तळाशी.

प्रोब म्हणजे दुमडणारी लांब काठी, जी बर्फात खुपसून माणसाची नेमकी जागा शोधतात. २४० सेंटिमीटरची पुरते, जास्त हिमवृष्टीच्या आठवड्यात २८० किंवा ३००ची बरी. फावडे अ‍ॅल्युमिनियमचे आणि दांडा लांब होणारा असावा. प्लास्टिकचे फावडे तंबूभोवतीचा भुसभुशीत बर्फ काढायला ठीक, पण हिमस्खलन थांबले की तोच बर्फ घट्ट होतो आणि प्लास्टिकचे पाते त्यावर आपटून तडकते. मीटरभर खोल गेलेल्या माणसापर्यंत पोहोचायला टनभर बर्फ उपसावा लागतो, हे ध्यानात ठेवले की शंभर ग्रॅम वाचवण्याचा मोह आवरतो. प्रोब आणि फावडे हे दोन्ही सॅकच्या पुढच्या वेगळ्या कप्प्यात जातात आणि त्या कप्प्यात दुसरे काहीही जात नाही. मोजे नाहीत, सफरचंद नाही, ओल्या स्किन (चढणीसाठी स्कीच्या तळाला चिकटवायचे पट्टे) तर नाहीतच. एका हिवाळ्यात मी हातमोज्यांची जादा जोडी त्या कप्प्यात कोंबली होती. सरावात प्रोब ओढताना मोज्याची दोरी दुव्यात अडकली आणि ती सोडवण्यात जो वेळ गेला तो मी घड्याळावर पाहिला. त्यानंतर तो कप्पा रिकामा राहिला तरी चालेल, अशी शिस्त लावून घेतली. खोलीत डोळे मिटून, हातमोजे घालून प्रोब उघडून ताणण्याचा आणि फावडे जोडण्याचा सराव करावा. अर्ध्या मिनिटाच्या आत दोन्ही तयार होत नसतील तर मांडणीत काहीतरी चुकते आहे.

आता सॅक कशी असावी. दिवसभरासाठी ३० ते ३५ लिटरची पुरते. त्याहून मोठी घेतली की ती भरण्याचा मोह होतो. अवजारांचा वेगळा कप्पा, स्की तिरप्या किंवा दोन्ही बाजूंना उभ्या बांधण्याचे पट्टे आणि कंबरेला रुंद पट्टा या तीन गोष्टी पाहाव्यात. पाठीच्या बाजूने उघडणारी चेन असेल तर फार सोय होते, कारण सॅक बर्फात पालथी टाकून आतले सामान काढता येते आणि पाठीला लागणारी बाजू कोरडी राहते. ट्रेकच्या सॅकला बाहेर मग, चटई, चपला लोंबकळवण्याची आपली पद्धत इथे पूर्णपणे सोडावी. लोंबणारी प्रत्येक वस्तू झाडाच्या फांदीत, गोंडोलाच्या दारात किंवा स्कीच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला जखडणाऱ्या पकडीत, अडकते.

एअरबॅग असलेली सॅक घ्यावी का, असे नेहमी विचारले जाते. ऐपत असेल तर घ्यावी, पण तिच्या मर्यादा ओळखून. फुगलेली पिशवी माणसाला वाहत्या बर्फाच्या पृष्ठभागाजवळ ठेवायला मदत करते, खडकावर किंवा झाडावर आपटण्यापासून मात्र वाचवत नाही. तिचा मांडीमधून जाणारा पट्टा बांधला नाही तर ती डोक्यावरून निघून जाते, आणि असे न बांधलेले पट्टे मी दरवर्षी पाहतो. गोंडोलात बसताना तिचे हँडल बंद करून ठेवावे. दाबयुक्त वायूचा सिलिंडर विमानातून न्यायला विमान कंपनीची आधी परवानगी लागते. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांनी ती तिकीट काढतानाच लेखी मागून घ्यावी, अन्यथा सिलिंडर काउंटरवरच सोडून पुढे जाण्याची पाळी येते. पंख्याने फुगणाऱ्या इलेक्ट्रिक प्रकारात हा प्रश्न कमी येतो, पण वजन आणि किंमत दोन्ही वाढतात.

मुख्य कप्पा भरताना सगळ्यांत खाली जाते ते संकटासाठीचे सामान, म्हणजे दिवस सुरळीत गेला तर ज्याला हातही लागणार नाही असे. एक हलकी बिव्ही, म्हणजे उघड्यावर आत शिरून रात्र काढता येईल अशी पिशवी, किंवा माणूस गुंडाळता येईल असे उष्णता टिकवणारे आवरण, प्रथमोपचाराची पिशवी आणि दुरुस्तीची पिशवी. प्रथमोपचारात माझ्याकडे रक्तस्राव थांबवणारी मोठी ड्रेसिंगे, दोन त्रिकोणी पट्ट्या, वळवता येणारे एक स्प्लिंट, चिकटपट्टी, फोडांवरचे प्लास्टर, वेदनाशामक गोळ्या आणि एक जोडी रबरी हातमोजे एवढेच असते. स्कीवरच्या दुखापती बहुतेक गुडघ्याच्या, पायाच्या आणि खांद्याच्या, त्यामुळे मलमांच्या ट्यूबा नेण्यापेक्षा स्प्लिंट नेलेले शहाणपणाचे. जखमी माणूस बर्फावर पडून राहिला तर दुखापतीपेक्षा थंडी त्याला लवकर गाठते. म्हणून कोणी एकाने बसायची पातळ फोमची चटई पाठीच्या कप्प्यात सरकवावी. ती सॅकला आकारही देते.

दुरुस्तीच्या पिशवीला लोक हसतात, पण खिलनमर्गच्या वर एक बाइंडिंग सैल झाली की कमरेएवढ्या बर्फातून चालत उतरावे लागते आणि हसू विरते. मल्टिटूल, बाइंडिंगच्या स्क्रूला बसणारे तीन नंबरचे पोझिड्राइव्ह टोक, तीन-चार जाड रबरी स्की स्ट्रॅप, थोडी तार, काही झिप टाय आणि दोन जादा स्क्रू एवढ्यावर बरेच निभावते. डक्ट टेपचा गुंडाळा नेऊ नये, स्कीच्या काठीवर हँडलच्या खाली तिचे आठ-दहा वेढे देऊन ठेवावेत. मल्टिटूल विमानात हाताच्या सामानात ठेवू नये, हे सांगण्याची गरज नसावी, तरीही श्रीनगरच्या विमानतळावर जमा झालेली मल्टिटूलं पाहिली म्हणून सांगतो.

त्यावर जादा कपडे. जाड पफी जाकीट पाण्यापासून वाचवणाऱ्या पिशवीत दाबून सॅकच्या मधोमध, पाठीलगत ठेवावे, आणि ते इतर सगळ्या कपड्यांवरून, अगदी बाहेरच्या जाकिटावरूनही घालता येईल एवढे मोठे असावे. थांबल्याबरोबर ते चढवायचे, थंडी वाजायला लागल्यावर नाही. चढताना घाम येऊ देणे ही इथली मोठी चूक. उणे दहाच्या हवेत ओला बनियन अंगावर राहिला की जाकीट कितीही महागडे असो, ऊब येत नाही. म्हणून आतला थर लोकरीचा किंवा सिंथेटिक असावा, सुती कधीही नसावा, आणि चढणीला सुरुवात करताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे अंगावर ठेवावेत. हातमोज्यांच्या दोन जोड्या लागतात: चढताना पातळ, उतरताना जाड. जाड जोडी सॅकमध्ये असली तरी ती तळाशी जाऊ देऊ नये. उतरताना घालायचा स्कीचा बंदिस्त गॉगल त्याच्या कडक डब्यात वरच्या कप्प्यात राहतो. चढताना तो कपाळावर चढवून ठेवला की घामाने आतून धुके धरतो आणि नेमका उतरायच्या वेळी काही दिसत नाही. चढणीला काळा चष्मा वापरावा. एवढ्या उंचीवर ऊन तीव्र असते आणि ताजा बर्फ त्यातले बरेचसे परत फेकतो, त्यामुळे सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावावे लागते. त्याची छोटी ट्यूब खिशात असावी, कारण सॅकमधली गोठते.

स्किन म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायचे केसाळ पट्टे, ज्यांच्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. गोंडोलाने वर जाऊन फक्त उतरायचे असले तरी त्या सोबत असाव्यात, कारण चुकीच्या घळीत उतरलो तर वर परतायचा तो एकच मार्ग असतो. मात्र त्यांचा गोंद थंडीत आणि ओलाव्यात चिकटेनासा होतो. म्हणून दोन चढणींच्या मधल्या उतरणीत त्या गोंदाला गोंद लावून दुमडाव्यात आणि जाकिटाच्या आत, पोटाशी ठेवाव्यात. सॅकमध्ये टाकलेल्या स्किन दुसऱ्या चढणीला सुटून मागे पडतात आणि मग ते रबरी स्ट्रॅप आठवतात.

पाण्याचे एक साधे तंत्र आहे. पाणी वरून गोठते, म्हणून बाटली सॅकमध्ये उलटी ठेवावी, म्हणजे तोंडाशी बर्फ धरत नाही. अर्थात झाकण गळके नाही याची आधी खात्री करून. नळीने पाणी प्यायची पिशवी सह्याद्रीत उत्तम, इथे तिची नळी पहिल्या तासातच गोठते. दीड लिटर पाणी आणि अर्ध्या लिटरचा थर्मास हे माझे प्रमाण आहे. थर्मासमध्ये कहवा घालावा की सुंठीचे गरम पाणी, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. एका सकाळीत तेराशे मीटर वर आल्यामुळे डोके दुखू लागते ते पुष्कळदा उंचीमुळे असते. पाणी पिऊन आणि थांबूनही ते वाढतच असेल किंवा मळमळ होत असेल, तर औषध शोधत बसू नये, खाली उतरावे.

खाण्याच्या बाबतीत आपली परंपरा उपयोगी पडते. विकतचे चॉकलेटचे बार थंडीत दगड होतात आणि चिक्कीचे तर विचारूच नका. पोळी कातड्यासारखी वातड होते. दुधात भिजवलेल्या पिठाची गूळ घातलेली दशमी मात्र मऊ राहते, शेंगदाणा-गुळाचा लाडू हातमोज्यानेही मोडतो आणि बिया काढलेला खजूर चावता येतो. एकदम डबा उघडून जेवायला बसण्याचा विचार सोडावा. तासा-दीड तासाने दोन घास खायचे आणि त्यासाठीचे पदार्थ सॅकमध्ये न ठेवता जाकिटाच्या खिशात ठेवायचे. सॅकमध्ये राहतो तो राखीव साठा, म्हणजे एक जास्तीचे जेवण.

वरच्या छोट्या कप्प्यात हेडलॅम्प असतोच, ताज्या सेलसह. जानेवारीत काश्मीरमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि देवदारांच्या जंगलात अंधार त्याच्याही आधी उतरतो. त्याच कप्प्यात शिटी, ओळखपत्र आणि रोख पैसे. ताबारेषा जवळ असल्याने ओळखपत्र विचारले जाऊ शकते, आणि बाबारेशीकडे किंवा टंगमर्गकडे उतरलात तर गुलमर्गला परतण्यासाठी जीप करावी लागते, तिथे नोटाच उपयोगी पडतात. महाराष्ट्रातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. त्यामुळे गटातल्या किमान दोघांकडे पोस्टपेड असावे आणि नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवलेला असावा. परदेशातून येणाऱ्या मराठी मित्रांना एक विशेष सूचना. युरोप-अमेरिकेत डोंगरात जाताना सर्रास वापरले जाणारे उपग्रह संदेशयंत्र किंवा सॅटेलाइट फोन भारतात परवान्याशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असे यंत्र सापडल्याने परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली होती. काश्मीरमध्ये तर ते घेऊन येण्याचा विचारही करू नये. त्याऐवजी साधे वेळापत्रक हॉटेलमध्ये लिहून ठेवावे: कोणत्या बाजूने उतरणार, किती जण आहेत आणि किती वाजेपर्यंत न आल्यास कोणाला कळवायचे.

गटात काय वाटून घ्यावे आणि काय घेऊ नये, यावर आदल्या संध्याकाळी दहा मिनिटे बोलावे. बर्फाची करवत, उताराचा कोन मोजण्याचे साधन, स्प्लिंट, मोठी बिव्ही आणि दुरुस्तीची पिशवी एकेकाने उचलली तरी पुरते. हिमस्खलने बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, त्यामुळे कोन मोजण्याचे साधन ज्याच्याकडे असेल त्याने ते खिशात ठेवावे, सॅकमध्ये नाही. बीकन, प्रोब, फावडे, पफी जाकीट, पाणी आणि हेडलॅम्प मात्र कधीही वाटून घेऊ नयेत. सामायिक सामान दोन वेगळ्या सॅकमध्ये विभागावे, कारण जखमी होणाऱ्याच्याच पाठीवर प्रथमोपचाराची पिशवी असण्याचा योग फारच वाईट. सगळे भरून झाले की सॅक उचलून पाहावी. पाण्यासह सात ते नऊ किलोच्या आत बसली तर ठीक. त्याहून जड असेल तर बहुतेक वेळा दोषी असतो तो दुसरा कॅमेरा.

सकाळी गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यातून बाहेर पडल्यावर, स्की पायात अडकवण्यापूर्वी, बीकनची तपासणी करावी. एकजण आपला बीकन शोधाच्या स्थितीत ठेवून थोडा पुढे जाऊन उभा राहतो, बाकीचे प्रसारण चालू ठेवून एकेक करत त्याच्यासमोरून जातात. शेवटी तो स्वतःचा बीकन प्रसारणावर आणतो आणि दुसरा कोणीतरी त्याची खात्री करतो. ही शेवटची पायरी घाईत हमखास गळते, आणि मग गटातला सर्वांत जाणता माणूसच दिवसभर शोधाच्या स्थितीत, म्हणजे कोणालाही न सापडण्याजोगा, फिरत राहतो.

संध्याकाळी खोलीवर परतल्यावर सॅक भिंतीला टेकवून तशीच ठेवू नये. बीकन बंद करावा. फावडे आणि प्रोबवरचा बर्फ पुसून ते उघडेच ठेवावेत, कारण दुव्यांत राहिलेला ओलावा रात्री गोठला तर सकाळी प्रोब ताणली जात नाही. स्किन खोलीत टांगून वाळवाव्यात, पण बुखारीपासून (खोली तापवणाऱ्या शेगडीपासून) हातभर दूर, कारण जास्त उष्णतेने गोंद वितळून पट्ट्यावरून ओघळतो. बुटांची आतली अस्तरे काढून घ्यावीत, वापरलेल्या प्रत्येक वस्तूच्या जागी नवी घालावी आणि दुसऱ्या दिवसाची सॅक जेवायला जाण्यापूर्वीच भरून ठेवावी, फक्त बाटली तेवढी रिकामी.